फिनिश स्वतःहून शिकताना हुरूप टिकवायचा कसा: नवशिक्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

फिनलंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसांना भाषेबद्दल विचारलं, की बहुतेकांचं उत्तर एकच असतं: "सुरू केली होती, मग राहून गेली." ही माणसं आळशी नाहीत. नोकरी, घर, मुलं, थंडी हे सगळं निगुतीने सांभाळणारी माणसं आहेत. तरी फिनिश सुटते, आणि जवळजवळ सगळ्यांची ठरावीक चार-पाच जागी सुटते.

म्हणूनच हा लेख लिहिते आहे. उत्साह कधी ओसरणार हे आधी माहीत असलं तर त्या वळणावर काय करायचं तेही आधी ठरवता येतं. मी ताम्पेरेत राहते, माझं ऑफिस इंग्रजीत चालतं, आणि फिनिश मी बव्हंशी स्वतःहून शिकले. खाली लिहिलेलं सगळं वापरून पाहिलेलं आहे. तुम्ही अजून पुण्यात किंवा नाशकात बसून परवान्याची वाट बघत असाल, तरी पहिले चार टप्पे तिथूनच सुरू करता येतील.

फिनिश शब्द इथे देवनागरीत दिलेत, उच्चाराचा अंदाज यावा म्हणून. लांबवायचा स्वर कुठे 'ऽ'ने, कुठे दीर्घ काना-मात्रेने दाखवलाय. तुमच्या वहीत मात्र ते रोमन लिपीतच लिहा.

सुरुवातीला काय काय हवं

- एक जाड वही. शक्यतो मोबाइलवरची नको, कागदाची.
- एकच क्रमिक पुस्तक. 'सुओमेन मेस्तारी' मालिकेचा पहिला भाग बहुतेक वर्गांत वापरतात आणि ग्रंथालयात मिळतो. पुस्तक पूर्ण फिनिशमध्ये आहे, त्याने घाबरू नका.
- व्याकरणाच्या शंकांसाठी 'ऊसी किएलेम्मे' ही वेबसाइट. इंग्रजीतून समजावते आणि बारकाव्यात जाते.
- शब्दांच्या उजळणीसाठी 'अँकी'. संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर विकत.
- मोबाइलमध्ये फिनिश कीबोर्ड. दोन टिंबांचा 'अ‍ॅ' आणि साधा 'आ' यांत फरक केला नाही तर शब्दच बदलतो: 'सॅऽ' म्हणजे हवामान, 'साऽ' म्हणजे मिळतं.
- फिनलंडमध्ये असाल तर ग्रंथालयाचं कार्ड. ओळखपत्र आणि इथला पत्ता दाखवला की मिळतं, पुस्तकं न्यायला पैसे लागत नाहीत.

एवढं पुरतं. सुरुवातीलाच पाच अॅप, तीन पुस्तकं आणि एक महागडा ऑनलाइन वर्ग घेणारे लोक महिनाभर साधनंच लावत बसतात.

## १. कारण जवळचं शोधा

"कधीतरी नागरिकत्व घ्यायचंय" हे कारण खरं आहे, पण फार लांबचं आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासून नागरिकत्वासाठीची वास्तव्याची मुख्य अट पाचवरून आठ वर्षांवर गेली. आठ वर्षांनंतरच्या गोष्टीसाठी आज संध्याकाळी सातला वही उघडणं कुणालाच जमत नाही.

जवळचं कारण शोधायची सोपी रीत सांगते. आठवडाभर खिशात एक कागद ठेवा आणि फिनिश न आल्यामुळे जिथे जिथे अडलं ते लिहा. पाळणाघरातल्या ताई मुलाबद्दल दोन वाक्यं बोलल्या आणि तुम्ही नुसती मान हलवली. दुधाऐवजी हातात पीमॅचा डबा आला (वाया घालवू नका, ते आपल्या ताकाच्या जवळचं आहे आणि कढीला चालतं). जिन्यातल्या फलकावर सोसायटीची सूचना लागली आणि तिचा फोटो काढून भाषांतर करावं लागलं.

या यादीतली एकच गोष्ट निवडा आणि पहिले दोन महिने तिच्यासाठीच शिका. माझ्यासाठी ती जिन्यातली सूचना होती. इथेही आपल्यासारख्या हाउसिंग सोसायट्या असतात, आणि त्यांच्या सूचना आपल्याइतक्याच कोरड्या भाषेत असतात. एक सूचना उलगडून दाखवते: "वेसिकात्को तीस्ताइना, 9–12". 'वेसी' म्हणजे पाणी, 'कात्को' म्हणजे खंड. दोन शब्द जोडून पाणी बंद. 'तीस्ताइ' म्हणजे मंगळवार, त्याला 'ना' लागला की मंगळवारी. म्हणजे मंगळवारी नऊ ते बारा पाणी येणार नाही. आदल्या रात्री बादली भरून ठेवता आली, तर त्या दोन शब्दांचं मोल कळतं आणि ते पुन्हा विसरत नाहीत.

भारतात असाल तर घरभाड्याच्या जाहिराती घ्या. 'वुओक्रा' म्हणजे भाडं, 'केइत्तिओ' म्हणजे स्वयंपाकघर, 'साउना' सांगायला नको. येण्याआधी दहा जाहिराती फिनिशमध्ये वाचता आल्या तर पहिल्या महिन्याची दगदग खूप कमी होते.

## २. वही मराठीत ठेवा

मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते हे. आपण फिनिश शिकतो इंग्रजीतून, कारण पुस्तकं इंग्रजीतून आहेत. त्यामुळे इंग्रजी माणसाला जे अवघड वाटतं ते आपल्यालाही अवघडच असणार असं उगाच धरून चालतो. फिनिशला पंधरा विभक्त्या आहेत हे ऐकून इंग्रजी बोलणारा हबकतो. मराठी माणसाने हबकायचं कारण नाही. आपण जन्मापासून शब्दांना प्रत्यय चिकटवत आलो आहोत.

तालो म्हणजे घर. तालोस्सा, घरात. तालोस्ता, घरातून. तालोन ताकाना, घराच्या मागे. इथे 'तालोन' म्हणजे 'घराच्या' आणि 'ताकाना' म्हणजे 'मागे', अगदी आपल्याच क्रमाने. इंग्रजीत 'मागे' आधी येतं आणि घर नंतर, म्हणून इंग्रजीतून शिकलात तर एकच वाक्य डोक्यात दोनदा उलटवावं लागतं.

आणखी पुढचं बघा. 'कातु' म्हणजे रस्ता, पण रस्त्यावर म्हणायचं तर 'कादुल्ला'. त चा द झाला. व्याकरणाच्या पुस्तकात या क-प-त बदलाला अख्खं प्रकरण असतं आणि शिकणारे तिथे रडकुंडीला येतात. पण आपण 'रस्तावर' म्हणतो का? 'रस्त्यावर' म्हणतो. 'पाणीत' नाही, 'पाण्यात'. प्रत्यय लागण्याआधी मूळ शब्दाने रूप बदलणं याला आपण शाळेत सामान्यरूप म्हणून शिकलो. फिनिशचे नियम वेगळे आहेत, ते शिकावेच लागतील. पण "असं का होतं?" हा प्रश्न आपल्याला पडायला नको.

अजून एक. फिनिशमध्ये 'जवळ असणे' या अर्थाचं इंग्रजीसारखं क्रियापद नाही. 'मिनुल्ला ओन आउतो', माझ्याकडे गाडी आहे. 'मिनुल्ला ओन कूमे', मला ताप आहे. 'मिनुन पितॅऽ मेन्नॅ', मला जायला हवं. तिन्ही वाक्यांत 'मी' कर्त्याच्या जागी नाही, मराठीतही नाही. वहीत समोरासमोर लिहिलं की समजावून सांगायला काही उरतच नाही.

उच्चारांतही आपलं बरं आहे. फिनिश त हा आपला दंत्य त आहे, इंग्रजीचा ट नाही. प, त, क यांत हवेचा फुत्कार नाही. जोडाक्षरातलं द्वित्त आपल्याला ऐकू येतं आणि म्हणता येतं. लक्ष द्यायचं ते दोन ठिकाणी. एक, स्वराची लांबी: 'तुलि' म्हणजे आग, 'तूलि' म्हणजे वारा, आणि 'तुल्लि' म्हणजे कस्टम्स. आपण लिहिताना ह्रस्व-दीर्घ पाळतो पण बोलताना फारसे पाळत नाही, ती सवय इथे नडते. दोन, ओठांचा चंबू करून 'ई' म्हणण्याचा जो स्वर रोमन 'वाय' अक्षराने लिहितात, तो मराठीत नाही. आरशासमोर उभं राहूनच तो बसवावा लागतो.

सापळा: मराठी सगळीकडे साथ देत नाही. 'घरात आहे' आणि 'घरात गेले' या दोन्हींत आपण 'घरात'च म्हणतो. फिनिशमध्ये आत असणं 'तालोस्सा' आणि आत जाणं 'तालोऽन'. अशा जागा वहीत लाल पेनाने लिहा, मराठीशी जुळणाऱ्या हिरव्याने. माझ्या वहीत हिरव्या खुणा जास्त आणि लाल कमी आहेत, आणि ते पान नुसतं उघडून बघितलं तरी उभारी येते.

## ३. रोजचा वाटा लहान ठेवा, पण वेळ बांधून घ्या

रोज वीस मिनिटं. त्याच खुर्चीत, त्याच वेळी. रविवारी बसून तीन तास करणाऱ्यांचं फिनिश टिकलेलं मी पाहिलेलं नाही.

अँकीबद्दल एक सावधगिरी. ते आपणहून रोज वीस नवे शब्द देतं. पहिला आठवडा मजेत जातो. तिसऱ्या आठवड्यात जुन्या शब्दांची उजळणी एवढी साचते की अॅप उघडायचीच भीती वाटते, आणि मग तेच फिनिश सोडायचं कारण ठरतं. सेटिंगमध्ये जाऊन नवे शब्द पाच ते आठवर आणा. आणि सुटा शब्द घालू नका, तो ज्या वाक्यात भेटला ते वाक्य घाला.

डुओलिंगोवर 2020 पासून फिनिश आहे. सुरुवातीची ओळख म्हणून चांगलं आहे, पण अभ्यासक्रम छोटा आहे. तो संपवून फिनिश येत नाही. रोजची साखळी तुटू नये म्हणून रात्री झोपेत दोन मिनिटं बोट फिरवणं हा अभ्यास नव्हे. साखळी तुटली तर तुटू द्या.

## ४. पहिली घसरण: ओळखीचा शब्दच सापडत नाही

नव्याचे नऊ दिवस सरले की पहिला धक्का बसतो. जर्मन किंवा फ्रेंच शिकताना इंग्रजीशी जुळणारे शब्द वाटेत भेटत राहतात. फिनिश ही 'युरालिक' भाषाकुटुंबातली; जवळची नातलग एस्टोनियन, लांबची हंगेरियन. त्यामुळे पानभर मजकुरात एकही शब्द ओळखीचा नसतो. अमेरिकी परराष्ट्र खात्याची भाषासंस्था आपल्या अधिकाऱ्यांसाठी फ्रेंच-स्पॅनिशला साधारण 600 ते 750 तासिका धरते आणि फिनिशला 1100. हा हिशेब इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांचा आहे, आपला थोडा वेगळा असेल, पण शब्दांचं ओझं आपल्यालाही तितकंच आहे.

यावर उपाय म्हणजे शब्द एकेकटे न शिकता घराण्याने शिकायचे. किर्या म्हणजे पुस्तक. किर्यास्तो, ग्रंथालय. किर्याइन, अक्षर. किर्ये, पत्र. किर्याइलिया, लेखक. किर्योइत्ताऽ, लिहिणे. एका शब्दाच्या मेहनतीत सहा पदरात पडतात. फिनिश स्वतःच्याच मुळातून नवे शब्द फार हौसेने घडवते, त्यामुळे पहिले काही शेकडा शब्द जड जातात आणि पुढचे भराभर येतात.

आणि अगदीच परकी भाषा आहे असंही नाही. 'साता' म्हणजे शंभर. आपल्या शतकातलं जे 'शत', त्याचाच हा नातेवाईक: हजारो वर्षांपूर्वी भारतीय-इराणी बोली बोलणाऱ्यांकडून युरालिक भाषा बोलणाऱ्यांनी तो उसना घेतला. हातोड्याला 'वासारा' म्हणतात, त्याचं नातं 'वज्र'शी लावतात.

## ५. दुसरी घसरण: पार्टिटिव्ह

ही विभक्ती कळली नाही म्हणून सोडून दिलेले लोक सर्वाधिक. पुस्तकात तिचे दहा-बारा उपयोग एकदम येतात आणि डोकं गरगरतं. सगळे एकदम घेऊ नका. पहिल्या सहा महिन्यांत फक्त तीन घ्या.

आकड्यानंतर: 'कोल्मे तालोआ', तीन घरं. (एकच्या पुढच्या आकड्यांनंतर शब्द एकवचनातच राहतो आणि पार्टिटिव्ह लागतो.)
नकारात: 'मिनुल्ला एइ ओले आउतोआ', माझ्याकडे गाडी नाही.
काम पुरं झालं नसेल तेव्हा: 'लुइन किर्यान' म्हणजे पुस्तक वाचून काढलं, 'लुइन किर्याआ' म्हणजे पुस्तक वाचत होते, संपवलं असं नाही.

तिसरा उपयोग नीट समजला की पुढचे बरेचसे आपोआप उलगडतात. आपण 'वाचलं' आणि 'वाचत होते' हा भेद क्रियापदात करतो, फिनिश तो पुस्तकाच्या शेपटीला बांधते.

पंधरापैकी तीन-चार विभक्त्या रोजच्या बोलण्यात क्वचितच येतात. तक्ता पाठ करायचा हट्ट सोडा. एखाद्या शब्दाची सगळी रूपं बघायची झाली तर विक्शनरी या ऑनलाइन शब्दकोशात तयार तक्ते असतात. लागेल तेव्हा उघडायचे आणि बंद करायचे.

## ६. तिसरी घसरण: पुस्तकातली भाषा रस्त्यावर कुणी बोलत नाही

वर्षभर अभ्यास करून तुम्ही ट्राममध्ये बसता, मागच्या सीटवर दोन मुली गप्पा मारतायत, आणि एक वाक्य समजत नाही. इथे माणसं फार खचतात. "मला जमणारच नाही" हे वाक्य मी याच टप्प्यावरच्या लोकांकडून ऐकते.

जमत नाही असं नसतं. लिहायची फिनिश, किर्याकिएली, आणि बोलायची, पुहेकिएली, यांत खरोखर मोठं अंतर आहे.

'मिनॅ ओलेन' (मी आहे) बोलताना होतं 'मॅ ओऽन'.
'सिनॅ ओलेत' होतं 'सॅ ओऽत'.
'मे मेनेम्मे' (आम्ही जातो) होतं 'मे मेन्नॅऽन'.
'हे ओवात' (ते आहेत) होतं 'ने ओन'.

ताम्पेरेत तर 'मॅ'चंही 'मॅऽ' होतं. आकडे अर्धे गिळले जातात: साठ लिहायचे 'कूसिक्युम्मेन्तॅ', म्हणायचे 'कूस्क्युत'.

आपण तरी काय करतो? 'मी आलो आहे' लिहितो आणि 'आलोय' म्हणतो. 'करायचे आहे' लिहितो, 'करायचंय' म्हणतो. मराठी शिकणाऱ्या फिनिश माणसाला डोंबिवलीच्या लोकलमध्ये बसवलं तर त्याचीही हीच गत होईल. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासूनच वहीत दोन रकाने पाडा, एकीकडे लिहायचं रूप आणि दुसरीकडे बोलायचं. बोलताना सुरुवातीला पुस्तकी रूपच वापरा, कुणी हसत नाही. ऐकायचा सराव मात्र दोन्हींचा ठेवा.

ऐकण्यासाठी 'युले' या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या सोप्या फिनिशमधल्या बातम्या, 'सेल्कोसुओमी', यांच्याइतकं चांगलं साधन नाही. संथ, स्पष्ट, छोटी वाक्यं, आणि मजकूरही वाचायला मिळतो. आधी न वाचता ऐका, मग वाचत ऐका, मग पुन्हा न वाचता. एक बातमी पुरे. आणि 'युले आरेना'वर लहान मुलांचा 'पिक्कु काक्कोनेन' लावा. 1977 पासून चालू आहे, घरात मूल असेल तर दोघांचंही शिकणं होतं. 'आकु आंक्का' हे डोनल्ड डकचं साप्ताहिक खूपजण सुचवतात. ते सुंदर आहे, पण त्यातले शब्दांचे खेळ नवशिक्याला झेपत नाहीत. दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

## ७. समोरचा इंग्रजीत शिरला तर

तुम्ही धीर करून फिनिशमध्ये विचारता आणि उत्तर स्वच्छ इंग्रजीत येतं. मन लगेच खट्टू होतं. तो माणूस तुम्हाला नाकारत नसतो, तुमचे कष्ट वाचवायला बघतो. हे एक वाक्य पाठ असू द्या: "ओपेत्तेलेन सुओमेआ, वोइत्को पुहुआ हिताऽस्ति?" मी फिनिश शिकते आहे, सावकाश बोलाल का? हे म्हटल्यावर इंग्रजीतच बोलत राहणारा माणूस मला क्वचितच भेटला.

सुरुवात दुकानाच्या काउंटरपासून करा, कारण तिथलं संभाषण रोज तेच असतं. 'मोइ'. 'ओन्को कोर्त्तिआ?' कार्ड आहे का? 'एइ ओले' किंवा 'ओन'. 'ओतात्को कुइतिन?' पावती घेणार का? 'एइ, कीतोस'. 'हेइ हेइ'. झालं. सगळं मिळून अर्धं मिनिट. स्वतः बिल करायची मशिनं टाळा, दोन माणसं पुढे असली तरी काउंटरच्या रांगेत उभे राहा. पुढच्या माणसाचं बोलणं कान देऊन ऐकलं तर तुमची पाळी येईपर्यंत उजळणी झालेली असते.

दवाखाना, बँक, घराचा करार इथे मात्र हट्ट नको. गैरसमज महागात पडेल अशा ठिकाणी इंग्रजी बोला किंवा दुभाषी मागा.

## ८. माणसं शोधा

स्वतःहून शिकायचं म्हणजे एकट्याने शिकायचं असं नाही. गावोगावच्या ग्रंथालयांत 'किएलीकाह्विला', म्हणजे भाषा-कॅफे चालतात. फुकट, नावनोंदणी बहुधा लागत नाही, पातळी विचारत नाहीत. ताम्पेरेचं मुख्य ग्रंथालय 'मेत्सो' किंवा हेलसिंकीचं 'ओऽदी' यांच्या वेबसाइटवर कार्यक्रम बघा. पहिल्यांदा गेल्यावर समोरचे फिनिश आजोबा बराच वेळ काहीच बोलणार नाहीत. शांतता इथे अवघडलेपणाची खूण नाही. तुम्हीही थांबा, वाक्य मनात जुळवा, मग बोला. शिकणाऱ्याला एवढी सवड दुसऱ्या कुठल्या देशात मिळत नसेल.

नगरपालिकेचे प्रौढशिक्षण वर्ग, 'कान्सालाइसओपिस्तो', माफक शुल्कात संध्याकाळी फिनिश शिकवतात. जागा लवकर भरतात, त्यामुळे नोंदणी उघडण्याची तारीख लिहून ठेवा. नोकरी शोधत असाल तर स्थलांतरितांसाठीच्या समायोजन योजनेत वर्ग मोफत मिळू शकतो. 1 जानेवारी 2025 पासून रोजगारसेवा नगरपालिकांकडे आल्या आहेत, तिथे विचारा.

आणि एक मराठी सोबती. त्याच पानावर असलेला एखादा दादा किंवा वहिनी शोधा आणि आठवड्यातून एकदा फोनवर पंधरा मिनिटं फिनिशमध्ये बोला. चुका दोघांच्याही होतील, तरी बोला.

## ९. हिवाळ्याची वेगळी तजवीज

नोव्हेंबर ते जानेवारी अभ्यास मंदावतो. हेलसिंकीतसुद्धा डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस सहा तासांपेक्षा थोडा कमीच असतो. दुपारी तीनला अंधार पडल्यावर नवी विभक्ती डोक्यात शिरत नाही, हे स्वीकारा आणि ऑक्टोबरातच बेत बदला. व्याकरण बंद, अँकीत नवे शब्द शून्य, फक्त उजळणी आणि ऐकणं. हिवाळ्यात टिकवायचं, मार्चपासून पुढे जायचं. ज्यांनी डिसेंबरातही तोच वेग धरायचा आग्रह केला, त्यातले बरेचजण जानेवारीत पूर्ण थांबले.

## १०. आपण कुठवर आलो, हे कसं कळणार

मधल्या पातळीवर रोज काही नवं कळल्यासारखं वाटतच नाही. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मोबाइलवर दोन मिनिटं फिनिशमध्ये बोलून ठेवा: आज काय खाल्लं, बाहेर हवा कशी आहे, उद्या काय करायचंय. तीन महिन्यांनी जुनं ऐका. दुसरं, जुन्या सेल्को बातम्यांची एक यादी ठेवा आणि अधूनमधून त्याच परत ऐका.

बाहेरचं माप हवं असेल तर 'युकी' ही राष्ट्रीय भाषापरीक्षा आहे. वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग. मधल्या स्तराच्या परीक्षेत 3 किंवा 4 ही पातळी मिळते, आणि नागरिकत्वासाठी सहसा 3 लागते. कुठल्या भागांत ती हवी आणि सध्याचे नियम काय, ते 'मिग्री' या इथल्या इमिग्रेशन खात्याच्या वेबसाइटवर स्वतः वाचा, कारण नियम बदलत आहेत. व्हॉट्सअॅप ग्रुपवरची माहिती बरेचदा शिळी असते. परीक्षेला वैध पासपोर्ट किंवा ओळखपत्र न्यावं लागतं. हेलसिंकी परिसरातल्या जागा नोंदणी उघडताच संपतात, तेव्हा त्या सकाळी संगणकासमोर बसा किंवा लांबचं केंद्र घ्यायची तयारी ठेवा.

## ११. दुसरी भाषा शिकत असाल तर

टप्पे तेच, घसरणीच्या जागा वेगळ्या. जर्मनमध्ये लोक नामांच्या लिंगांवर अडतात. मराठीत तीन लिंगं आहेत, त्यामुळे कल्पना नवी नाही. पण आपलं लिंग त्यांच्या शब्दाला लावायची खोड लागते, म्हणून प्रत्येक नाम त्याच्या उपपदासकटच पाठ करा. जपानीत वाक्याचा क्रम आपल्यासारखाच, क्रियापद शेवटी, त्यामुळे सुरुवात सुसाट होते आणि कांजी चित्रलिपीपाशी गाडी थांबते. तिथे रोजच्या चार-पाच अक्षरांपलीकडे जाऊ नका. चेन्नईला नोकरीला गेलेल्यांना तमिळमध्ये फिनिशसारखीच लेखी आणि बोली भाषेची दरी भेटेल; सहाव्या टप्प्यातली दोन रकान्यांची वही तिथे जशीच्या तशी चालते.

दोन भाषा एकदम मात्र घेऊ नका, विशेषतः सख्ख्या. फिनिश आणि एस्टोनियन सोबत शिकायला घेतल्या तर दोन्हींचे शब्द एकमेकांत मिसळतात. फिनलंडची दुसरी अधिकृत भाषा स्वीडिश आहे आणि ती सोपी वाटते म्हणून मध्येच तिच्याकडे वळावंसं वाटेल, हमखास पार्टिटिव्हच्या आठवड्यात. पण ताम्पेरेसारख्या गावात रोजच्या कामाला फिनिशच लागते. आधी फिनिशमध्ये दवाखान्याची वेळ फोनवर घेता येऊ दे, मग स्वीडिशचं पुस्तक घरी आणा.